एका ‘ऱ्यां’साठी पाच वेळा बाण

“मॅडम, कर्सर अडकतोय.” परळीच्या एका माती तपासणी केंद्रात अहवाल लिहिणाऱ्या ताईंचा हा निरोप मला फोनवर तीन-चार वेळा आला होता आणि दर वेळी मी तो मशीन जुनं असेल म्हणून सोडून दिला होता. मी राहते अंबाजोगाईला आणि काम करते पुण्याच्या एका कंपनीसाठी, घरूनच. कंपनीचं नाव लिहीत नाही. परळी काही लांब नाही, तिकडं दुसरं काम निघालं तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडं गेले.

त्यांनी काही बोलण्याऐवजी करूनच दाखवलं. “शेतकऱ्यांनी” हा शब्द पडद्यावर होता आणि कर्सर त्याच्या सुरुवातीला. ताई उजवा बाण दाबत गेल्या. ‘शे’ला दोनदा. ‘त’ला एकदा, ‘क’ला एकदा. मग ‘ऱ्यां’. एकदा दाबलं, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा कर्सर अक्षराच्या पोटात कुठंतरी जाऊन उभा राहिला. चार. पाच. तेव्हा कुठं पलीकडं गेला. मग त्यांनी मुद्दाम मधेच डिलीट दाबलं आणि शब्दात ठिपक्यांचा एक गोल उगवला, त्याला काना चिकटलेला. “हा गोल कुठून येतोय, मॅडम?” असं विचारून त्या पुढं म्हणाल्या, “मी आता शब्द दुरुस्तच करत नाही. आख्खा पुसते अन् परत लिहिते.”

दिवसभर अहवाल लिहिणाऱ्या बाईनं आपल्या भाषेतला शब्द दुरुस्त करणं सोडून दिलं होतं, आणि ते आम्ही लिहिलेल्या सॉफ्टवेअरमुळं. परतीच्या एसटीत मी ठरवलं की हे वरवर बुजवायचं नाही.

आता थोडं मागचं सांगते. आमचं सॉफ्टवेअर स्क्वीकच्या एका जुन्या आवृत्तीवर उभं आहे. स्क्वीक हा स्मॉलटॉकचा एक प्रकार. स्मॉलटॉक ही प्रोग्रॅमिंगची भाषा झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग वगैरे मंडळींनी घडवली. त्यातलं स्मॉलटॉक-८० पुढं बाहेर आलं आणि १९९६मध्ये अ‍ॅपलमध्ये असताना के आणि इंगल्स यांच्याच गटानं त्यावरून स्क्वीक केलं. या वातावरणाची रीत वेगळी आहे. फायली उघडून कोड लिहायचा, मग चालवायचा, असं इथं नसतं. भाषा, तिची साधनं, तुमचा प्रोग्रॅम, उघड्या खिडक्या, सगळं एकाच जिवंत इमेजमध्ये, म्हणजे चालू स्थितीसह जतन होणाऱ्या एका फाईलमध्ये, असतं. ज्या खिडकीत तुम्ही कोड लिहिता ती खिडकीही स्मॉलटॉकमध्येच लिहिलेली असते आणि तिचा कोड तुम्ही तिच्यातच उघडून बदलू शकता.

म्हणजे ताई ज्या चौकटीत अहवाल लिहायच्या आणि मी ज्या चौकटीत कोड लिहायचे, त्या दोन्हीमागं मजकूर हाताळणारा वर्ग, म्हणजे कोडचा क्लास, एकच होता.

त्या वर्गाची घडण समजून घ्यायला मला पंधरा दिवस लागले. स्मॉलटॉक-८०च्या काळात मजकूर संपादनाचं सगळं काम पॅराग्राफएडिटर नावाचा एक वर्ग करायचा. तो मुळात कंट्रोलर घराण्यातला: माऊस कुठं आहे, स्क्रोलपट्टी ओढली का, मेन्यू दाखवायचा का, हे बघणारा. पुढं स्क्वीकमध्ये पडद्याची नवी व्यवस्था आली, मॉर्फिक. तिच्यासाठी नवा संपादक लिहायला वेळ नव्हता म्हणून पॅराग्राफएडिटरचाच एक वारस काढला, टेक्स्टमॉर्फएडिटर. त्यामुळं मॉर्फिकचा संपादक वंशावळीनं स्क्रोलपट्टीच्या कंट्रोलरचा नातू झाला. निम्म्या मेथड, म्हणजे वर्गातली एकेक कामं करणारे कोडचे तुकडे, त्याच्या कामाच्या नाहीत, काही वारसानं झाकून टाकलेल्या, आणि काही झाकल्यात असं वाटतं पण आडवाटेनं अजून चालतात. आमच्या कंपनीत त्यावर आणखी तीन-चार हात फिरले होते. त्यातल्या कुणीतरी मराठी दिसावी म्हणून पँगो हे मजकूर मांडणारं साधन जोडलं होतं. त्यामुळं जोडाक्षरं दिसायची झकास. पण दिसणं एका जागी, आणि कर्सर मोजणं दुसऱ्या जागी.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, “शेतकऱ्यांनी” म्हणजे अकरा चिन्हं: श, े, त, क, ऱ, ्, य, ा, ं, न, ी. वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात पाच: शे, त, क, ऱ्यां, नी. जुना संपादक अकरा मोजत होता. एकट्या ‘ऱ्यां’त पाच चिन्हं, म्हणून पाच वेळा बाण. इंग्रजीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर म्हणजे एक चौकोन, आणि हे गृहीत त्या कोडमध्ये इतकं खोल मुरलं होतं की ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. ठिकठिकाणी फक्त “अधिक एक” आणि “वजा एक”.

पहिला प्रयत्न मी सरळ जागेवरच केला. कळ दाबल्यावर चिन्ह मजकुरात घालणारी मेथड उघडली, दोन ओळी बदलल्या, मान्य केल्या. पुढची कळ दाबली आणि डीबगरची, म्हणजे चूक दाखवणारी, खिडकी उघडली. ती चूक दुरुस्त करायला परत कळ दाबली, आणखी एक खिडकी. ज्या संपादकात दुरुस्ती लिहायची तोच मोडला होता. रात्रीचे साडेअकरा, पडद्यावर एकावर एक सात खिडक्या, आणि मला एक अक्षर लिहिता येत नव्हतं. छातीत धडधडायला लागलं, कारण दिवसभराचं काम त्या इमेजमध्ये जतन न केलेलं होतं.

माऊस मात्र चालत होता. कोड बघायच्या खिडकीला इथं ब्राउझर म्हणतात; तिच्यात आवृत्त्या दाखवायचं बटण असतं, ते दाबलं. त्या मेथडची प्रत्येक जुनी आवृत्ती तारीख-वेळेसह समोर आली, कारण मान्य केलेला प्रत्येक बदल चेंजेस फाईलमध्ये लगेच उतरतो. मागची आवृत्ती निवडली, मेन्यूतून “हीच परत आण” म्हटलं. एकही कळ न दाबता संपादक जिवंत झाला. इमेज पूर्ण कोसळली असती तरी त्याच फाईलमधून बदल ओळीनं परत लावता आले असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या लोकांनी ही सोय विचार करून ठेवली होती, आणि त्या रात्री मी त्यांचे मनोमन आभार मानले.

आमच्या घराखालीच आप्पांचं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरी-बोअरच्या मोटारी जळतात त्या इथं येतात. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, बोअरचं पाणी खाली जातं, मोटार कोरडी फिरते आणि वाइंडिंग जळतं, त्यामुळं मार्च ते जून हा त्यांचा धामधुमीचा काळ. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन खाली गेले तर ते एक जळका स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, मांडीजवळ घेऊन बसले होते.

“रातच्याला काय करायलीस जागी?”

सांगितलं. जुनं काम आहे, मधेच हात घातला आणि सगळंच बंद पडलं.

“मोजलं होतं का आधी?”

आप्पांचं काम मी लहानपणापासून बघतेय, पण त्या दिवशी नीट बघितलं. कॉइल कापायच्या आधी त्यांनी जोडण्या कशा बांधल्यात ते वहीत काढलं. मग एका बाजूची टोकं कापली आणि एका खाचेतल्या तारा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं एकेक बाजूला सारत मोजल्या. पुन्हा मोजल्या. तारेचा वार्निश खरवडून ती गेजच्या चकतीत घालून बघितली. खाचा किती, पिच किती, टर्न किती, गेज किती, सगळं वहीत. शेवटी जळकं तांबं काट्यावर टाकून वजनही लिहिलं. “कापल्यावर कोणाला इचारणार, माय?”

त्या दिवसापासून मी कोड बदलणं थांबवलं आणि मोजायला बसले. जुना संपादक जसा आहे तसाच ठेवून त्याला खोट्या कळा पाठवायच्या आणि तो काय करतो ते चाचणीत नोंदवायचं: मजकूर काय झाला, निवडीची दोन टोकं कुठं आली. बरोबर की चूक, ते ठरवायचं नाही. स्मॉलटॉकमध्ये चाचण्या लिहायचं एसयुनिट नावाचं साधन आहे, केंट बेकनं केलेलं. सगळ्या चाचण्या त्यात. कंसाच्या आत लगेच दोनदा क्लिक केलं की कंसातला सगळा मजकूर निवडला जातो. ओळीच्या आरंभी दोनदा क्लिक केलं की आख्खी ओळ. निवडलेल्या मजकुरावर उघडा कंस दाबण्याच्या जोडकळेनं मजकुराला कंस लागतो, परत दाबलं की निघतो. असल्या कितीतरी गोष्टी मी रोज वापरत होते आणि मला त्या माहीत आहेत हेच मला माहीत नव्हतं. दीड महिना त्यात गेला. पुण्याहून विचारणा झाली, नवं काय झालं? माझ्याकडं दाखवायला फक्त चाचण्या होत्या.

नवं बांधताना मी मोकळ्या हातानं सुरुवात केली नाही. हुआन वुलेतिच यांनी क्विस या दुसऱ्या एका स्मॉलटॉकमध्ये हाच गुंता आधी सोडवला होता. संपादक, साधा संपादक, मजकुराचा संपादक, स्मॉलटॉक कोडचा संपादक, अशी त्यांची वेगळी उतरंड आहे, आणि स्क्वीकनंही पुढं तीच घेतली. आमची इमेज त्याच्या आधीची. मी ती उतरंड बारकाईनं वाचली, आराखडा तिच्यावरून घेतला, आणि आमच्या गरजेचं स्वतः लिहिलं.

सगळ्यात मोठा बदल दिसायला बारीक होता. जुन्या संपादकात निवडीची दोन टोकं कॅरेक्टरब्लॉक या वस्तूंमध्ये ठेवलेली असतात. कॅरेक्टरब्लॉक म्हणजे मजकुरातली कितवी जागा, आणि शिवाय त्या जागेचा पडद्यावरचा चौकोन. दोन्ही एकाच डब्यात. खिडकी रुंद केली, ओळी नव्यानं मोडल्या, की डब्यातला चौकोन शिळा. मग तो ताजा करायला जागोजागी हाका. अनेक वेळा कुणीतरी हाक मारायची विसरलेलं. मी टोकांमध्ये फक्त आकडा ठेवला. एका टोकाला मार्क म्हणायचं, जिथं कर्सर आहे त्याला पॉइंट. चौकोन हवा असेल तेव्हा मांडणी करणाऱ्याला विचारायचा, साठवायचा नाही. एवढ्यानं शंभरेक ओळी आपोआप गळाल्या.

नवा संपादक जुन्याच्या शेजारी वाढवला. कोणत्या चौकटीला कोणता संपादक द्यायचा हे एका छोट्या मेथडवर ठेवलं. सुरुवातीला नवा संपादक फक्त एका खेळायच्या खिडकीत होता. तो मोडला तर मोडू दे, दुरुस्ती जुन्यात लिहिता येते. बसलेली फांदी तोडायची वेळ परत आली नाही.

आता दोन प्रकरणं सांगते ज्यांनी मला खरोखर अडवलं.

पहिलं, मागे घेण्याचं, म्हणजे अनडू. पॅराग्राफएडिटरमध्ये अनडूची माहिती वर्गाच्या सामाईक चलांमध्ये (व्हेरिएबलमध्ये) असते. म्हणजे इमेजमध्ये कितीही खिडक्या असोत, अनडू एकच, आणि तेही एकाच पायरीचं. ताई एका अहवालात परिच्छेद चुकून पुसायच्या, दुसऱ्या खिडकीत एक शब्द लिहायच्या, आणि पहिल्यातला परिच्छेद कायमचा गेलेला. हे तोडायचं यात शंका नव्हती. मी प्रत्येक संपादकाला स्वतःची, अनेक पायऱ्यांची यादी दिली. त्याच सपाट्यात शेवटचा शोध आणि शेवटचा बदललेला शब्दही सामाईक चलांतून काढून ज्याच्या त्याच्या संपादकाकडं दिला. स्वच्छ वाटलं.

आठवड्यानं पुण्याच्या एका सहकाऱ्याचा फोन. “अगं, ‘अगेन’ मेलं की!” ‘अगेन’ म्हणजे नुकताच केलेला बदल पुढच्या ठिकाणी पुन्हा करायची कळ. तो एका मेथडमध्ये नाव बदलायचा आणि दुसऱ्या खिडकीतल्या मेथडमध्ये जाऊन ती कळ दाबत सुटायचा. हे चालायचं कारण तो शब्द सगळ्या खिडक्यांचा सामाईक होता. माझ्या चाचण्यांनी पकडलं नाही, कारण त्या एकाच खिडकीच्या होत्या. एकाच जागी, एकाच पद्धतीनं ठेवलेल्या दोन गोष्टी, त्यातली एक खोट आणि दुसरी सोय.

आप्पांना विचारलं, आधीच्यानंच मोटार चुकीची भरली असेल तर तुमच्या मोजण्याचा काय उपयोग?

“मग मोजून बी चूकच उतरती. म्हणून कंपनीचा आकडा बी बघावं लागतंय. अन् ज्याची मोटार हाय त्याला इचारायचं, आधी किती पाणी फेकायली होती.”

अगेन मी पुन्हा सामाईक केलं. यावेळी सामाईक चल न ठेवता एक छोटी वस्तू केली, तिच्यावर टीप लिहिली की ही खिडक्यांमध्ये मुद्दाम वाटलेली आहे, आणि दोन खिडक्यांची चाचणी जोडली.

दुसरं प्रकरण अक्षराचं, ज्याच्यासाठी हा खटाटोप. अक्षर कुठं संपतं? युनिकोडचे अक्षरगट पाडायचे नियम आहेत, पण २०२३च्या सप्टेंबरात १५.१ आवृत्ती येईपर्यंत त्या नियमांनुसार हलंतानंतर गट तुटायचा. ‘शिक्षिका’मधल्या ‘क्षि’चे दोन तुकडे व्हायचे, ‘क्’ आणि ‘षि’. १५.१मध्ये देवनागरीसह काही लिप्यांसाठी हलंतानं जोडलेली व्यंजनं एका गटात आली. आमच्या इमेजला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी एक लहानसा वर्ग लिहिला ज्याचं काम एकच: या जागेपासून पुढचं आणि मागचं थांबायचं ठिकाण सांगणं. व्यंजन, हलंत, पुन्हा व्यंजन, कितीही वेळा, शेवटी मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग. “लक्ष्मी” सात चिन्हांची, थांबे दोन: ल, क्ष्मी. सगळा संपादक आता “अधिक एक” म्हणत नाही, “पुढचा थांबा कुठला?” असं विचारतो. इंग्रजी मजकुरासाठीही तोच प्रश्न, उत्तर तेवढं एकच पुढं.

बाणाचं सुटलं. बॅकस्पेसचं काय? मला वाटत होतं तोही आख्खं अक्षर पुसेल, सगळं एकसारखं. ताईंकडं परत गेले आणि तासभर नुसती त्यांच्या बोटांकडं बघत बसले. त्या “कि” लिहून गेल्या, लगेच बॅकस्पेस दाबला, “के” करायचं होतं. आख्खा ‘क’ गेला असता तर त्यांना तो परत लिहावा लागला असता. लिहिता लिहिता मागे येणारा माणूस शेवटचं बोट मागं घेत असतो, अक्षर नव्हे. म्हणून बॅकस्पेस एक चिन्ह पुसतो. डिलीट मात्र पुढचं आख्खं अक्षर उचलतो, कारण पुढचं अक्षर डोक्यानं लिहिलेलं नसतं, डोळ्यांनी बघितलेलं असतं. त्यामुळं ठिपक्यांचा गोल उगवायची सोयच राहिली नाही. बऱ्याच प्रणालींमध्ये देवनागरीसाठी हाच रिवाज आहे हे मला नंतर कळलं.

एक अपवाद केला. काही कीबोर्डांवर ‘ऱ्य’ लिहिताना ‘ऱ’ येत नाही. साधा र, हलंत, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग य, असं येतं. दिसतं अगदी सारखं, पण “शेतकऱ्यांनी” तेव्हा बारा चिन्हांचं होतं. त्या न दिसणाऱ्या चिन्हावर बॅकस्पेस दाबला तर डोळ्याला काहीच झालेलं दिसणार नाही, आणि “अडकतोय” परत सुरू. म्हणून तिथं जोडचिन्हाबरोबर हलंतही जातो. हे दोन प्रकार शोधातही एकमेकांना सापडायचे नाहीत. युनिकोडचं प्रमाणीकरण करूनही ते एक होत नाहीत, म्हणून शोधापुरते दोन्ही एका रूपात आणणारी पायरी वेगळी लिहिली. साठवलेल्या अहवालांना हात लावला नाही.

कळांच्या तक्त्यानंही एक दिवस खाल्ला. जोडकळ दाबली की काय करायचं हे जुना संपादक २५६ खान्यांच्या तक्त्यात चिन्हाच्या क्रमांकानं बघतो. ‘क’चा क्रमांक २३२५. मराठी कीबोर्ड चालू ठेवून जतन करायची कळ दाबली की आमच्याकडं कधी चूक, कधी नुसतीच शांतता. तक्त्याच्या जागी डिक्शनरी, म्हणजे कळेवरून काम शोधणारी यादी, ठेवली, मराठी मांडणीतल्या त्याच बटणांच्या नोंदी घातल्या, संपलं.

जून उजाडता उजाडता सगळ्या चौकटी नव्या संपादकावर गेल्या. जुना वर्ग काढायच्या दिवशी त्याचं नाव कुठं कुठं वापरलंय ते विचारलं. यादीत एकच जागा उरली होती, अहवाल छापायच्या खिडकीतला शेरा लिहायचा रकाना. तोही वळवला. सगळ्या चाचण्या चालवल्या, इमेजची एक प्रत बाजूला ठेवली, आणि पॅराग्राफएडिटर काढून टाकला. काढण्याची सूचना मी नव्या संपादकातच टाईप केली.

ताईंकडं नवी आवृत्ती गेली तेव्हा मी फोनवर होते. “शेतकऱ्यांनी लिहा आणि पहिल्यापासून बाण दाबा,” म्हटलं. त्या मोजत होत्या, मला ऐकू येत होतं. शे, एक. त, दोन. क, तीन. ऱ्यां, चार. मग थोडा वेळ काहीच नाही.

“ताई?”

“थांबा की मॅडम, कालच्या अहवालातल्या चुका दुरुस्त करायलेय.”